थंडी सरताना कोकणचे हवामान : कोणते काम केव्हा करावे?

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण. वक्ते : कृषी विस्तार अधिकारी, बी.एस्सी. (कृषी))



माघ सरत आला. पहाटे अजून गोधडी लागते आणि दुपारी डोक्यावर टोपी नसली तर चटका बसतो. कोकणातल्या बागायतदाराचे हे दिवस मोठ्या काळजीचे. पहिल्या मोहोराची फळे वाटाण्याएवढी, सुपारीएवढी झालेली असतात. दुसरा मोहोर फुलत असतो. काजूला बोंडे धरू लागतात. वाल शेंगांवर आलेला असतो. म्हणजे वर्षाचा पैसा झाडावर आणि शेतात उभा असतो, घरात अजून काहीच आलेले नसते. आणि नेमकी याच दिवसांत हवा आठवड्या-आठवड्याला रूप बदलते.

उद्या पाऊस पडेल की नाही, हे मी आज सांगणार नाही. ते काम हवामान खात्याचे आणि ते रोज होते. मला सांगायचे आहे ते वेगळे. थंडी सरताना आपल्या किनारपट्टीवर हवा कोणकोणती रूपे घेते, हवामानाचा अंदाज कसा ऐकायचा, आणि तो ऐकून कोणते काम हातात घ्यायचे व कोणते थांबवायचे, एवढे आज बोलू. सारांश आधीच सांगून टाकतो. या दिवसांत काम तारखेवर ठरवू नका आणि शेजाऱ्याने पंप काढला म्हणून आपणही काढू नका. आभाळ, अंदाज आणि आपले झाड या तिघांकडे पाहून काम ठरवा.

ऋतू बदलतो तेव्हा काय होते

हवामान खात्याच्या हिशेबात जानेवारी-फेब्रुवारी हे थंडीचे महिने आणि मार्च ते मे उन्हाळ्याचे. पण निसर्ग काही १ मार्चला फाटक उघडत नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत थंडी आणि उन्हाळा यांची ओढाताण चालते.

आपल्या किनाऱ्यावरची हवा दोन वाऱ्यांवर चालते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात. दुपारच्या सुमारास खारे वारे सुरू झाले की उन्हाची धार कमी होते. म्हणूनच रत्नागिरीसारख्या किनाऱ्याच्या गावी फेब्रुवारीत दुपारचे तापमान साधारण ३० ते ३२ अंशांच्या आसपास राहते.

आता खलाटी आणि वलाटी यांतला फरक लक्षात घ्या. खलाटीत समुद्र जवळ, म्हणून रात्रीची थंडी बेताची आणि दुपारचे ऊनही बेताचे. वलाटीत, सह्याद्रीच्या पायथ्याला आणि दापोलीसारख्या पठारी भागात पहाटे पारा बराच खाली जातो आणि खारे वारे तिथे उशिरा व कमी जोराने पोचतात. तेव्हा एकाच तालुक्यात, एकाच दिवशी, दोन गावांतली हवा वेगळी असू शकते. मालगुंडच्या बागेत जे चालते, ते देवरुखच्या बागेत तसेच्या तसे चालेलच असे नाही.

या दिवसांतली हवेची चार रूपे

पहिले रूप, परतून येणारी थंडी. उत्तर हिंदुस्थानावरून पश्चिमेकडचे विक्षोभ जातात. तिकडे हिमालयात बर्फ पडते, आणि विक्षोभ पुढे सरकला की उत्तरेचे कोरडे, गार वारे खाली उतरतात. त्यांचा जोर असेल तर ती थंडी आपल्यापर्यंत येते. फेब्रुवारीत दोन-तीन दिवस पहाटे हुडहुडी भरते ती यामुळेच.

दुसरे रूप, दव आणि धुके. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि हवेत समुद्राचे बाष्प, असे असले की रात्री जमीन झपाट्याने निवते आणि पहाटे पानापानांवर दव साचते. खाडीकाठी, नदीकाठी धुके उतरते. मोहोर सकाळी उशिरापर्यंत ओला राहतो. ओला मोहोर म्हणजे बुरशीला आवतण.

तिसरे रूप, ढगाळ हवा आणि शिंतोडे. कोकणात फेब्रुवारी हा कोरडा महिना. बहुतेक वर्षी या महिन्यात पाऊस नसल्यातच जमा. पण अरबी समुद्रावरून बाष्प आले की आभाळ भरून येते, हवा कोंदट होते, रात्री उकडते आणि क्वचित चार थेंबही पडतात. पाऊस मोजण्याएवढा नसला तरी मोहोराला तो पुरे होतो.

चौथे रूप, पूर्वेचे तापलेले वारे. सगळ्यांत धोक्याचे हेच. जमिनीवरून पूर्वेचे कोरडे वारे जोरात वाहू लागले की ते खाऱ्या वाऱ्यांना आत येऊ देत नाहीत. जे खारे वारे बाराच्या सुमारास यायचे, ते दोन-तीन वाजेपर्यंत अडून राहतात. तोवर पारा ३७-३८ अंशांवर जाऊन पोचतो. मुंबईला सांताक्रूझ येथे २५ फेब्रुवारी १९६६ रोजी ३९.६ अंश तापमान नोंदले गेले आहे. म्हणजे ही गोष्ट अगदी नवी नाही. मात्र अलीकडे ती वारंवार समोर येऊ लागली आहे. २०२३ चा फेब्रुवारी हा दिवसाच्या तापमानाच्या बाबतीत देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. २०२५ च्या फेब्रुवारीत दिवस-रात्र मिळून सरासरी तापमानाने तोच उच्चांक गाठला. दोन्ही वर्षी कोकणाला उष्णतेच्या लाटेचे इशारे फेब्रुवारीतच द्यावे लागले. तेव्हा 'शिमगा होईपर्यंत उन्हाचे काय भय?' हा जुना हिशेब आता सोडला पाहिजे.

अंदाजाची भाषा समजून घ्या

वलाटीतल्या एका गावी शेतकरी सभेत एक वयस्कर बागायतदार मला म्हणाले, "साहेब, रेडिओवर पाऊस सांगितला म्हणून मी फवारणी ठेवली. थेंब पडला नाही. मग ऐकायचं कशाला?"

मी विचारले, "काका, शब्द काय होते?"

ते म्हणाले, "तुरळक ठिकाणी हलका पाऊस."

मंडळी, अडचण इथेच आहे. अंदाजातला प्रत्येक शब्द मोजून वापरलेला असतो. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या शंभर ठिकाणांपैकी जास्तीत जास्त पंचवीस ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हणजे सव्वीस ते पन्नास. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे एक्कावन्न ते पंच्याहत्तर. त्यापुढे म्हणजे जवळजवळ सर्वदूर. काकांचे गाव उरलेल्या पंच्याहत्तरांत होते. अंदाज चुकला नव्हता. 'हलका पाऊस' म्हणजे चोवीस तासांत अडीच ते साडेपंधरा मिलिमीटर. त्याहून कमी तो 'अतिहलका'.

उष्णतेच्या बाबतीतही असेच. किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंश किंवा अधिक झाले आणि ते नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असले, म्हणजे उष्णतेच्या लाटेची स्थिती मानतात. देशावर, म्हणजे घाटावरच्या मैदानी भागात, हीच मर्यादा ४० अंशांची आहे. आपल्याकडे हवा दमट असते म्हणून ३७ अंशही अंगाला आणि झाडाला भारी पडतात.

इशाऱ्याचे रंग चार. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. तांबडा म्हणजे ताबडतोब पावले उचला. पिवळा रंग ऐकून घाबरून जाऊ नका आणि नारिंगी ऐकून स्वस्थही बसू नका.

अंदाज मिळवायचा कुठून? हवामान खात्याने १९४५ साली रेडिओवरून शेतकऱ्यांसाठी हवामानाच्या बातम्या सुरू केल्या, तेव्हापासून ही सोय आपल्याकडे आहे. आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आणि त्याबरोबर पीक सल्ला निघतो. आपल्या भागासाठी तो दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातून आणि सिंधुदुर्गात मुळदे येथील केंद्रातून दिला जातो. मोबाइलवर 'मेघदूत' ॲपमध्येही तो पाहता येतो. घरात शाळेत जाणारे पोर असेल तर त्याला मंगळवार-शुक्रवारचे हे काम लावून द्या.

या पत्रकात पाऊस, कमाल व किमान तापमान, सकाळ-दुपारची आर्द्रता, वाऱ्याची दिशा व वेग, आणि ढगांचे प्रमाण दिलेले असते. ढगांचा आकडा ० ते ८ असा असतो. ० म्हणजे आभाळ स्वच्छ, ८ म्हणजे पूर्ण झाकलेले. या दिवसांत बागायतदाराने तीन आकडे आधी पाहावेत. किमान तापमान, ढग आणि वाऱ्याची दिशा. या तिघांत आपल्या बागेचे पुढचे पाच दिवस बरेचसे कळतात.

आंबा

थंडी परत आली तर : मोहोर फुटायला थंडी लागते हे आपण जाणतो. पण थंडी लांबली की दोन गोष्टी होतात. पहिली अशी की, फार थंडीत फुलणाऱ्या मोहोरात नर फुलांचे प्रमाण वाढते आणि फळधारणा कमी होते. दुसरी अशी की, ज्या फांदीवर वाटाण्याएवढी फळे धरली आहेत, तिच्यावर पुन्हा नवा मोहोर येतो. झाडाचे अन्न नव्या मोहोराकडे वळते आणि आधीची फळे गळतात. हा पुनर्मोहोर दरवर्षी कितीतरी बागांतले पहिले पीक खातो, आणि पहिल्या पिकालाच बाजारात भाव असतो. ज्या बागेत असे नेहमी घडते, तिथे मोहोर पूर्ण फुललेला असताना आणि पुन्हा फळे वाटाण्याएवढी झाल्यावर ५० पीपीएम जिबरेलिक ॲसिडची फवारणी विद्यापीठाने सांगितली आहे. प्रमाण एक ग्रॅमला २० लिटर पाणी. भुकटी आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून घ्यावी. जास्त घातल्याने जास्त फायदा होत नाही.

दव आणि धुके असेल तर : थंड रात्री आणि दमट पहाट ही भुरीला अनुकूल हवा. मोहोरावर पांढरी भुकटी धरल्यासारखी दिसते, फुले आणि बारीक फळे गळून पडतात. दव फार असेल तर करपाही येतो. भुरी दिसू लागताच पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक १० लिटर पाण्यात २० ग्रॅम या प्रमाणात फवारावे. पण इथे हवामान पाहायचे. अंदाजात तापमान चढते सांगितले असेल, पूर्वेचे वारे सांगितले असतील, तर गंधक मारू नका. तापलेल्या उन्हात गंधकाने मोहोर आणि कोवळी फळे भाजतात. अशा वेळी विद्यापीठाच्या फवारणी वेळापत्रकातले दुसरे बुरशीनाशक घ्यावे.

ढगाळ हवा असेल तर : तुडतुडे झपाट्याने वाढतात. ते मोहोराचा रस शोषतात, चिकट पदार्थ टाकतात आणि त्यावर काळी बुरशी चढून पाने-फळे काळी पडतात. पण ढग आले म्हणून लगेच पंप काढायचा नाही. आधी झाडात जा. खोडाला आणि फांद्यांच्या बेचक्यांना हात लावा, मोहोर हलवून पाहा. तुडतुडे उडताना दिसले, चिकटा पडलेला दिसला, तरच फवारणी. मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक शक्यतो टाळा. त्या वेळी माश्या-मधमाश्या फुलांवर येत असतात आणि त्यांच्यावाचून फळ धरत नाही. फवारणी मोहोर फुलण्यापूर्वी किंवा फळे धरल्यानंतर करावी. तेच तेच औषध पुन्हा पुन्हा मारल्याने कीड त्याला दाद देईनाशी होते, म्हणून औषध बदलत जावे.

फवारणीची वेळही हवेवरच ठरते. सकाळी दव सुकल्यावर आणि वारा उठण्यापूर्वी फवारावे. पुढच्या पाच-सहा तासांत शिंतोडे येण्याची शक्यता असेल तर थांबावे. औषधाचा तुषार आपल्या झाडावर न बसता शेजारच्या बागेकडे जात असेल, तर आपण औषध नव्हे, पैसे उडवीत आहोत असे समजावे.

पूर्वेचे गरम वारे आले तर : कोवळ्या फळांची गळ होते, मोठ्या फळांची उन्हाकडची बाजू भाजते आणि कोरड्या उष्ण हवेत फुलकिडे वाढतात. फुलकिड्यांनी खरवडलेल्या फळाची साल खडबडीत होते आणि फळाचा भाव जातो. गरम वारे येणार हे दोन-तीन दिवस आधी कळते, आणि हे दोन-तीन दिवस सोन्याचे असतात. पाण्याची सोय असेल तर फळे वाटाण्याएवढी झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी, तीन-चार वेळा, झाडामागे १५० ते २०० लिटर पाणी द्यावे. पाणी बुंध्याशी ओतू नये. झाडाची सावली जिथवर पडते, तिथल्या कडेला गोल आळे करून द्यावे. वर पालापाचोळा, गवत यांचे आच्छादन घालावे. झाड पूर्ण कोरडे ठेवून एकदम पाण्यात बुडवू नये. काढणीच्या महिनाभर आधी पाणी बंद करावे. याबरोबर एक टक्का पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम, फळे वाटाण्याएवढी, गोटीएवढी आणि अंड्याएवढी असताना फवारले तर गळ कमी होते व फळ भरते.

ज्यांची फळे अंड्याएवढी झाली आहेत, त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदाच्या २५ बाय २० सेंटिमीटरच्या पिशव्या फळांना बांधाव्यात. उन्हाचा चटका, डाग आणि फळमाशी या तिन्हींपासून बचाव होतो. कातळावरच्या बागांत खालचा जांभा तापून उष्णता वर फेकतो आणि फळात साका होण्याचे प्रमाण वाढते. तिथे आच्छादन घालणे फारच अगत्याचे. लवकरच्या मोहोराची फळे काढणीला आली असतील तर चौदा आणे तयार झाल्यावर, सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर, देठासह झेल्याने काढावीत आणि लगेच सावलीत न्यावीत.

काजू

काजूला ढगाळ हवा सोसत नाही. अशा हवेत ढेकण्याचा उपद्रव वाढतो. कोवळे शेंडे आणि मोहोर करपल्यासारखे काळे पडतात. पालवी, मोहोर आणि फळधारणा या तीन वेळी झाडावर नजर ठेवावी आणि उपद्रव दिसताच शिफारस केलेले औषध फवारावे. पडलेल्या बिया रोजच्या रोज गोळा कराव्यात. दवात आणि शिंतोड्यात पडून राहिलेली बी काळी पडते. गोळा केलेली बी दोन-तीन दिवस चांगल्या उन्हात वाळवून मगच पोत्यात भरावी. स्वच्छ उन्हाचे दिवस अंदाजात दिसले की बी वाळवण्याचे काम आधी उरकावे.

कडधान्ये, कलिंगड, नारळ-सुपारी

भातानंतरचे वाल, कुळीथ, चवळी आता काढणीला येतात. पूर्वेच्या कोरड्या वाऱ्यात तयार शेंगा शेतातच फुटतात. म्हणून शेंगा वाळू लागल्या की सकाळी दव असतानाच तोडणी करावी, फूट कमी होते. झोडणी मात्र कडक उन्हाच्या दिवशी. ढगाळ हवा आणि शिंतोडे सांगितले असतील तर काढलेला माल खळ्यावर उघडा ठेवू नये.

कलिंगडाच्या मळ्यात दव पडत असताना संध्याकाळी वेलांवर पाणी उडवू नये. पाने रात्रभर ओली राहून केवडा येतो. पाणी सकाळी, मुळाशी द्यावे. फळे मोठी होत असताना पाण्यात खंड पाडून मग एकदम भरपूर पाणी दिले तर ती तडकतात. उघडी फळे वेलाने किंवा गवताने झाकावीत.

नारळाच्या आळ्यात सोडणे आणि झावळ्यांचे आच्छादन आताच घाला, एप्रिलची वाट पाहू नका. सुपारीच्या कोवळ्या झाडांचे खोड नैर्ऋत्येच्या उन्हाने भाजते. त्या बाजूला झावळीची किंवा सुपारीच्या पानाची सावली बांधावी. गोठ्यात दुपारी वारा खेळता ठेवा, जनावरांना दिवसातून तीन-चार वेळा पाणी दाखवा. माणसांनीही उष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी अंगमेहनत अकराच्या आत उरकावी.

वणवा आणि भाजावळ

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पूर्वेचे वारे फळ गाळतात, पण त्याच वाऱ्यांवर स्वार होऊन वणवा आला तर दहा-दहा वर्षे वाढवलेली कलमे एका दुपारी जातात. गळलेले फळ पुढच्या साली पुन्हा धरेल. जळालेले कलम उभे करायला पुन्हा दहा वर्षे लागतात.

थंडी सरते तेव्हा डोंगरउतारावरचे गवत वाळून कोळ झालेले असते. हवा कोरडी असते आणि याच दिवसांत आपल्याकडे भाजावळीची, राब भाजण्याची कामे सुरू होतात. एक ठिणगी बांध ओलांडते आणि शेजाऱ्याची काजूची बाग, त्यापलीकडची आंब्याची कलमे, कधी गोठा आणि वैरणीची उडवी, सारे पेटते. नुकसान करणारा आणि नुकसान झालेला दोघेही एकाच वाडीतले असतात. पुढे वर्षानुवर्षे एकमेकांच्या दारात पाऊल पडत नाही.

म्हणून हे चार नियम गावाने मिळून पाळावेत. एक, बागेभोवती चार-पाच हात रुंदीची जागा गवत काढून मोकळी करावी आणि अशी जाळरेषा होळीपूर्वी तयार ठेवावी. दोन, कलमांच्या आळ्यातले आच्छादन बागेच्या कडेपर्यंत नेऊ नये, कडेला मोकळी जमीन राहू द्यावी. तीन, पूर्वेचा वारा किंवा उष्णतेचा इशारा असेल त्या दिवशी कोणीही काहीही पेटवू नये, मग तो बांधावरचा पाचोळा असला तरी. चार, पेटवायचेच असेल तर वारा पडलेला असताना, शेजाऱ्यांना सांगून, पाणी आणि ओल्या डहाळ्या हाताशी ठेवून, आणि आग पूर्ण विझेपर्यंत तिथेच उभे राहून. रोपे करण्यासाठी राब भाजलाच पाहिजे असेही नाही. गादीवाफे करून, चांगले कुजलेले शेणखत घालून आणि वेळेवर तण काढून भाताची रोपे उत्तम होतात.

गावची हवामान वही

शेवटी एक साधी सूचना. कमाल-किमान तापमान दाखवणारा एक तापमापक आणि एक पर्जन्यमापक गावाने घ्यावा आणि शाळेत किंवा ग्रामपंचायतीत बसवावा. तापमापक उन्हात टांगू नये, सावलीत, हवेशीर जागी ठेवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता एका वहीत पाच गोष्टी लिहाव्यात. कमाल तापमान, किमान तापमान, दव होते की नाही, ढग किती आणि वारा कोणीकडचा. बाजूला त्या दिवशी मोहोराची किंवा फळांची अवस्था एका ओळीत लिहावी.

दोन-तीन हंगामांत ही वही बोलू लागेल. तालुक्याच्या अंदाजापेक्षा आपल्या गावात पारा किती खाली जातो, ढग आल्यापासून किती दिवसांनी तुडतुडे दिसतात, खारे वारे आपल्या उतारावर किती वाजता पोचतात, हे तुम्हालाच कळेल. अंदाज तालुक्याचा असतो, बाग तुमची असते. या दोघांमधले अंतर ही वही भरून काढते.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. मंगळवार-शुक्रवारचे पत्रक ऐका किंवा वाचा. किमान तापमान, ढग आणि वाऱ्याची दिशा आधी पाहा.

२. थंडी परतली तर पुनर्मोहोराकडे लक्ष ठेवा.

३. दव पडले तर भुरी-करपा तपासा. फवारणी दव सुकल्यावर करा.

४. ढग आले तर आधी झाड तपासा, मग पंप काढा. वाळवण आणि माल झाकून ठेवा.

५. पूर्वेचे वारे सांगितले तर पाणी, आच्छादन आणि पिशव्या. गंधक नको, आग तर नकोच नको.

६. शंका असेल तर आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारा. किसान कॉल सेंटरचा क्रमांक १८००-१८०-१५५१ असा आहे. तिथे मराठीत बोलता येते आणि फोनला पैसे पडत नाहीत.

बंधूंनो, हवा आपल्या हातची नाही. पण ती दोन-तीन दिवस आधी सांगून येते, आणि ते दोन-तीन दिवस आपल्या हातचे आहेत. ते वाया जाऊ देऊ नका. या पत्रकाची एक प्रत वाडीतल्या चावडीवर किंवा दुकानाच्या भिंतीवर लावा, म्हणजे ज्यांच्या कानी हे भाषण पडले नाही त्यांनाही उपयोग होईल.

तुमच्या बागा सुखरूप राहोत. नमस्कार.